क्रंपेट, चहा आणि पाइक प्लेस मार्केट

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, प्युजेट साउंड या खाडीच्या काठी सिएटल शहर वसले आहे. या शहराच्या मध्यभागी असलेले पाइक प्लेस मार्केट शंभर वर्षांहून जुने आहे. बाजाराच्या फर्स्ट अॅव्हेन्यूकडील बाजूस, कॉर्नर मार्केट नावाच्या १९१२ मधील इमारतीच्या तळमजल्यावर, ‘द क्रंपेट शॉप’ हे छोटेखानी दुकान आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या दुकानात मुख्यतः दोनच गोष्टी मिळतात: तव्यावर हाताने केलेले क्रंपेट आणि चहा.

क्रंपेट मूळचा ब्रिटिश पदार्थ. सिएटल मात्र जगभर ओळखले जाते ते कॉफीसाठी. अशा शहरात, भर गर्दीच्या बाजारात, एकाच पदार्थावर उभे असलेले दुकान जवळजवळ अर्धशतक टिकले आहे. याचे एक कारण त्या पदार्थाच्या स्वभावात आहे आणि दुसरे त्या बाजाराच्या कायद्यात.

पदार्थाची ओळख

क्रंपेट गोल असतो, तळहातावर मावेल एवढा, साधारण दोन सेंटिमीटर जाडीचा. त्याची खालची बाजू सपाट आणि तपकिरी, तर वरची फिकट आणि छिद्रांनी भरलेली असते. मैदा, पाणी किंवा दूध, यीस्ट, मीठ, किंचित साखर आणि खायचा सोडा एवढ्यावर तो होतो. कणकेसारखा गोळा न मळता सरसरीत पीठ भिजवतात, ते आंबवतात आणि तव्यावर ठेवलेल्या धातूच्या कड्यात ओततात.

आंबोळीला जाळी पडते तशीच क्रंपेटलाही पडते आणि दोन्हीची पारख जाळीवरूनच होते. फरक जाडीचा आहे. आंबोळी पातळ असल्याने तिची जाळी वरवर दिसते. क्रंपेटचे पीठ कड्यामुळे पसरत नाही, उंच राहते. त्यामुळे त्याची छिद्रे तळापासून वरपर्यंत जाणाऱ्या उभ्या नळ्या बनतात. वर लावलेले लोणी या नळ्यांत उतरते.

क्रंपेटची इंग्लिश मफिनशी नेहमी गल्लत होते. मफिनचे पीठ घट्ट मळलेले असते, तो दोन्ही बाजूंनी भाजतात आणि मधून दुभागून खातात. क्रंपेट दुभागत नाहीत, तो आख्खाच खातात. कड्याशिवाय तव्यावर मोकळे ओतून केलेल्या पातळ प्रकाराला इंग्लंडच्या काही भागांत पाइकलेट म्हणतात. स्कॉटलंडमध्ये क्रंपेट या नावाने मिळणारा पदार्थ पातळ आणि मोठा, धिरड्याच्या वळणाचा असतो.

घावनापासून जाळीपर्यंत

जुने क्रंपेट आजच्यासारखे मऊ नव्हते. सतराव्या शतकातले क्रंपेट म्हणजे तव्यावर केलेले कडक, पातळ घावन होते. १७६९ मध्ये एलिझाबेथ राफल्ड या इंग्रज लेखिकेने ‘द एक्स्पीरिअन्स्ड इंग्लिश हाउसकीपर’ हे पाकपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चहाबरोबर खायच्या क्रंपेटची कृती आहे. अंडी, कोमट दूध-पाणी, मैदा आणि बिअरच्या भट्टीतून मिळणारे फेसाळ यीस्ट असे त्यातले साहित्य आहे. चहासोबत खाण्याचा पदार्थ ही क्रंपेटची ओळख तेव्हाच रुजू लागली होती.

आजचा मऊ, जाळीदार क्रंपेट एकोणिसाव्या शतकात घडला. यीस्टच्या जोडीला खायचा सोडा किंवा बेकिंग पावडर आली, पीठ पातळ झाले आणि त्याला आधार देणारी कडी वापरात आली. व्हिक्टोरियन काळातल्या इंग्रज घरांत क्रंपेट लांब दांड्याच्या काट्याला टोचून शेकोटीच्या निखाऱ्यांसमोर धरत. रस्त्यावर घंटा वाजवत मफिन आणि क्रंपेट विकणारे फेरीवाले तेव्हाच्या लंडनमध्ये रोजच्या ओळखीचे होते.

विसाव्या शतकात क्रंपेट कारखान्यात गेला. ब्रिटनमध्ये आता बहुतेक क्रंपेट पाकिटातूनच घरी येतात. वॉरबर्टन्स ही बेकरी कंपनी त्यांची मोठी उत्पादक आहे. पाकिटातला माल टिकावा म्हणून त्यात कार्बन डायऑक्साइड भरतात. २०१८ च्या उन्हाळ्यात युरोपात या वायूची टंचाई झाली, तेव्हा कंपनीला काही ठिकाणचे क्रंपेटचे उत्पादन थांबवावे लागले होते. हातच्या क्रंपेटला असा वायू लागत नाही, कारण तो साठवण्यासाठी केलेलाच नसतो.

जाळी कशी पडते

क्रंपेट करण्याचे सारे कसब जाळी पाडण्यात आहे. तिच्यामागचे शास्त्र समजले की हा पदार्थ घाई का खपवून घेत नाही, तेही कळते.

पीठ भिजवल्यावर यीस्ट त्यातल्या साखरेवर जगू लागते आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. मैद्यातल्या प्रथिनांचे, म्हणजे ग्लुटेनचे, लवचीक जाळे हा वायू धरून ठेवते. त्यासाठी पीठ आधी भरपूर फेटावे लागते. उबदार जागी साधारण तासाभरात ते फुगून वर येते, पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात आणि मध्यभाग किंचित बसू लागतो. आंबणे पुरे झाल्याची ही खूण.

यानंतर कोमट पाण्यात विरघळवलेला सोडा घालतात. आंबताना पिठात तयार झालेल्या आम्लांशी त्याचा संयोग होतो, शिवाय तव्याच्या उष्णतेनेही त्याचे विघटन होते. दोन्हींतून आणखी वायू सुटतो. सोडा घातल्यावर पीठ पुन्हा पंधरा-वीस मिनिटे ठेवतात.

मग तव्याचे काम सुरू होते. तवा जाड बुडाचा आणि आच मंद हवी. आतून तेल लावलेली कडी तव्यावर मांडून त्यांत निम्म्याहून थोडे जास्त पीठ ओततात. सुरुवातीला वरचा भाग ओला आणि चकचकीत दिसतो. मिनिटा-दोन मिनिटांत कडेने बारीक बुडबुडे येतात, मग मध्ये येतात, मोठे होतात आणि फुटतात. फुटलेला बुडबुडा सुरुवातीला लगेच बुजतो, कारण भोवतालचे पीठ अजून पातळ असते. उष्णता हळूहळू वर सरकते. पिठातला स्टार्च साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून घट्ट होऊ लागतो आणि त्यानंतर फुटलेली छिद्रे उघडीच राहतात. वरची चकाकी जाऊन पृष्ठभाग कोरडा, मळकट पांढरा दिसू लागला की क्रंपेट झाला. याला आठ ते दहा मिनिटे लागतात. कडे काढून तो क्षणभर उलटतात, वरच्या बाजूला किंचित रंग येण्यापुरताच.

आच वाढवली तर बूड करपते आणि वरचे पीठ कच्चे राहते. पीठ घट्ट असेल तर बुडबुडे वर येऊ शकत नाहीत, छिद्रे आतल्या आत बंद राहतात. फार पातळ झाले तर ते कड्याखालून वाहून जाते. म्हणून जाणकार आधी एकच क्रंपेट टाकून पाहतात आणि त्यावरून पाण्याचे किंवा पिठाचे प्रमाण सुधारतात. हवेतला दमटपणा, पिठाची जात, यीस्टचा जोर या सगळ्यांनी रोजचा अंदाज बदलतो. तो अंदाज हातालाच असावा लागतो.

घरी करून पाहायचे असल्यास २५० ग्रॅम मैदा, सुमारे ३०० ते ३५० मिलिलिटर कोमट दूध-पाणी, एक चहाचा चमचा कोरडे यीस्ट, अर्धा चमचा साखर, अर्धा ते पाऊण चमचा मीठ आणि अर्धा चमचा सोडा हे प्रमाण चालते. यात अंडे लागत नाही. कड्यांऐवजी दोन्ही बाजूंनी उघडा, धार काढून गुळगुळीत केलेला पत्र्याचा गोल डबाही वापरता येतो.

दुसऱ्यांदा भाजणे

तव्यावरून उतरलेला क्रंपेट तसाच खाल्ला तर आतून ओलसर आणि चिवट लागतो. खरी चव येते ती दुसऱ्यांदा भाजल्यावर. टोस्टरमध्ये किंवा निखाऱ्यावर त्याची वरची कड आणि छिद्रांच्या कडा कुरकुरीत होतात आणि आतला भाग मऊच राहतो. कुरकुरीत आणि लुसलुशीत एकाच घासात मिळावे हे क्रंपेटचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे दुकानातही तो मागणी आल्यावर भाजून देतात.

लोणी लावायचे ते क्रंपेट हातात धरवणार नाही इतका गरम असताना. तेव्हाच ते वितळून छिद्रांतून खाली झिरपते. गार क्रंपेटवर ते नुसते वर बसून राहते. लोण्यावर मध किंवा मुरंबा हा साधा प्रकार. द क्रंपेट शॉपमध्ये गोड प्रकारांत मध, जॅम, लिंबाचे गोड-आंबट कर्ड, रिकोटा चीज असे पर्याय असतात. तिखट-खारट प्रकारांत अंडे, चीज, हॅम, पेस्टो, धुरावलेला सामन मासा हे पदार्थ येतात. सामन हा या किनाऱ्याचाच मासा. इंग्लंडच्या चहाच्या टेबलावरचा पदार्थ इथे अशा रीतीने स्थानिक झाला आहे आणि न्याहारी किंवा दुपारचे जेवण म्हणूनही पुरतो. शाकाहारी माणसाचेही इथे अडत नाही.

लोणी आणि मध लावलेला क्रंपेट काटा-सुरीने खाता येतो, पण बहुतेक जण हातानेच खातात. बोटांवर लोणी ओघळते, तेव्हा कागदी रुमाल जवळ असावा.

सोबतीचा चहा

क्रंपेटला चहाची जोड मिळाली त्याला इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगान्झा हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी १६६२ मध्ये झाला. १६६१ च्या विवाह करारात मुंबई बेट इंग्लंडला आंदण मिळाले. कॅथरिनला माहेरापासून चहाची सवय होती. चहा तिच्या आधीही इंग्लंडमध्ये पोहोचला होता, पण दरबारी आणि खानदानी घरांत तो प्रतिष्ठेचे पेय बनला तो तिच्यामुळे.

पुढे बराच काळ चहा महाग राहिला, कारण त्यावर जबर कर होता. १७८४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला. त्यानंतर चहा स्वस्त झाला, त्याची चोरटी आयात ओसरली आणि सामान्य घरांत त्याचा वापर वाढला. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस अॅना हिने दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांच्यामधल्या भुकेसाठी चहा-खाण्याची बैठक रूढ केली असे मानले जाते. ब्रेड-लोणी, केक, स्कोन आणि क्रंपेट यांना या बैठकीत कायमची जागा मिळाली.

याच काळात भारतीय चहा उभा राहिला. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश व्यापाऱ्याला आसामातल्या सिंगफो लोकांकडून तिथल्या रानटी चहाची माहिती मिळाली. जानेवारी १८३९ मध्ये आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ब्रिटनच्या कपात चिनी चहापेक्षा भारत आणि श्रीलंकेचा चहा जास्त जाऊ लागला होता. आसामचा गडद, कडक चहा लोणी लावलेल्या पदार्थांपुढे टिकतो, जिभेवरचा स्निग्धपणा धुऊन टाकतो. क्रंपेटशी त्याची जोडी जमली ती या गुणामुळे.

क्रंपेटच्या दुकानात चहा सुट्या पानांचा असतो. तो साखर-दूध घालून उकळत नाहीत. काळ्या चहाच्या पानांवर नुकते उकळलेले पाणी ओततात, तीन ते पाच मिनिटे झाकून ठेवतात आणि मग गाळतात. हिरव्या चहाला इतके गरम पाणी चालत नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटे पुरतात, नाहीतर तो कडवट होतो. दूध हवे असेल तर ते काळ्या चहात वरून, थंडच घालतात. आलं-वेलचीच्या उकळलेल्या चहाची सवय असलेल्या मराठी माणसाला हा चहा पहिल्या घोटाला फिका वाटतो. पण लोणी-मध लावलेल्या क्रंपेटबरोबर तो घेतला की त्याचा तुरटपणा का हवा ते समजते.

कांद्याच्या भावातून उभा राहिलेला बाजार

हे दुकान ज्या बाजारात आहे, त्याचा जन्म कांद्याच्या भावातून झाला. १९०६ ते १९०७ या काळात सिएटलमध्ये कांदा पौंडाला दहा सेंटवरून एक डॉलरपर्यंत चढला. तेव्हा शेतमाल वेस्टर्न अॅव्हेन्यूवरच्या आडत्यांमार्फत विकला जाई. शेतकऱ्याला भाव मिळत नव्हता, गिऱ्हाईक दामदुप्पट पैसे मोजत होते आणि मधला नफा आडत्यांच्या हाती राहत होता. थॉमस रेव्हेल या नगरसेवकाने यावर तोडगा सुचवला: शेतकऱ्यांनी आपल्या गाड्या रस्त्यावर उभ्या करून थेट गिऱ्हाइकाला माल विकावा.

१७ ऑगस्ट १९०७ रोजी, शनिवारी, पाइक प्लेस या रस्त्यावर मोजक्याच शेतकऱ्यांनी गाड्या आणल्या. गिऱ्हाइकांची एवढी झुंबड उडाली की दुपार होण्याआधी सारा माल संपला. त्याच वर्षी फ्रँक गुडविन याने तिथे विक्रीसाठी पहिली छपराची इमारत बांधायला घेतली. गुडविन बंधूंनी क्लोंडाइक भागात सोने शोधण्यासाठी उडालेल्या झुंबडीत पैसा कमावला होता. तो पैसा या बाजाराच्या इमारतींत लागला. पुढच्या दहा-बारा वर्षांत उतारावर एकाखाली एक मजले चढत-उतरत बाजार वाढला. कॉर्नर मार्केट ही इमारत त्याच काळातली.

बाजाराच्या इतिहासात एक काळा अध्यायही आहे. तिथे भाजी विकणाऱ्या शेतकऱ्यांत जपानी वंशाच्या कुटुंबांचा वाटा फार मोठा होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी काढलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी-अमेरिकनांना घरे, शेते सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले. पाइक प्लेसच्या ओट्यांच्या रांगा एकाएकी रिकाम्या झाल्या. युद्धानंतर त्यांतले बरेच जण परतलेच नाहीत, कारण परतायला शेत उरले नव्हते. त्या शेतकऱ्यांची आठवण जपणारी आकी सोगाबे यांची चित्रमालिका बाजाराच्या मुख्य प्रवेशाजवळ लावलेली आहे.

पाडापाडीतून वाचलेली सात एकर जागा

युद्धानंतर लोक उपनगरांत राहायला गेले, घरोघरी फ्रिज आले, सुपरमार्केट वाढली. पाइक प्लेसच्या इमारती मोडकळीला आल्या. १९६३ मध्ये बाजार पाडून तिथे हॉटेल, कार्यालये, घरांचे मनोरे आणि वाहनतळ उभारण्याची योजना पुढे आली. तिला विरोध करण्यासाठी १९६४ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द मार्केट’ ही नागरिकांची संघटना स्थापन झाली. वास्तुविशारद व्हिक्टर स्टाइनब्रूक हे या लढ्याचे अग्रणी होते. बाजाराच्या इमारती आणि त्यात वावरणारी माणसे त्यांनी रेखाटनांतून लोकांसमोर मांडली. वास्तूइतकाच तिथला रोजचा व्यवहार जपण्यासारखा आहे, हे त्यांचे म्हणणे होते.

२ नोव्हेंबर १९७१ रोजी सिएटलच्या मतदारांनी बाजार वाचवण्याच्या बाजूने कौल दिला. सात एकरांचा ऐतिहासिक विभाग जाहीर झाला, पुढे तो नऊ एकरांपर्यंत वाढवण्यात आला. त्यावर देखरेख ठेवणारा आयोग नेमला गेला आणि १९७३ मध्ये बाजार चालवण्यासाठी सार्वजनिक संस्था स्थापन झाली. सत्तरच्या दशकात इमारतींची डागडुजी झाली आणि दुरुस्त जागांत नवे छोटे व्यावसायिक आले. १९७६ मध्ये उघडलेले द क्रंपेट शॉप हे त्या पिढीचे दुकान.

या आयोगाचे आणि संस्थेचे नियम बाजाराचा खरा कणा आहेत. इथे साखळी दुकानांना जागा मिळत नाही. मालकाने स्वतः दुकानात लक्ष घालून धंदा चालवणे अपेक्षित असते. ओट्यावर बसणाऱ्या शेतकऱ्याने स्वतः पिकवलेला माल विकायचा असतो आणि कारागिराने स्वतः घडवलेला. दुकानाचा वापर बदलायचा, पाटी बदलायची, तरी आयोगाची परवानगी लागते. स्टारबक्स इथे दिसते, कारण तिचा जन्मच या परिसरातला आहे. १९७१ मध्ये तिचे पहिले दुकान बाजाराजवळ वेस्टर्न अॅव्हेन्यूवर निघाले आणि काही वर्षांत पाइक प्लेसवर आले.

बाजाराच्या हद्दीत शेकडो लोक राहतातही. त्यांत कमी उत्पन्नाच्या वृद्धांची संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी दवाखाना, ज्येष्ठांचे केंद्र, अन्नछत्रासारखी धान्यपेढी आणि लहान मुलांची शाळा तिथेच चालते. मुख्य प्रवेशाशी असलेल्या रेचल नावाच्या कांस्य डुकरिणीच्या पोटात लोक नाणी टाकतात, ती या कामांसाठी जातात.

दुकानातली भेट

फर्स्ट अॅव्हेन्यूवरून येताना दुकान ओळखू येते ते खिडकीतून दिसणाऱ्या तव्यामुळे. तव्यावर कड्यांच्या रांगा मांडलेल्या असतात. कारागीर एका टोकाकडून पीठ ओतत जातो. शेवटचे कडे भरेपर्यंत पहिल्यात बुडबुडे फुटायला लागलेले असतात. मग त्याच क्रमाने कडी उचलायची, क्रंपेट उलटायचे आणि उतरवायचे. रस्त्यावरून जाणारी माणसे, विशेषतः मुले, काचेपाशी थबकून हे पाहतात. दुकानाला याहून वेगळ्या जाहिरातीची गरज भासत नाही.

आत जागा थोडी आहे. गल्ल्यापाशी उभे राहून क्रंपेट कसला हवा आणि चहा कोणता हवा ते सांगायचे. क्रंपेट भाजून त्यावर हवे ते घालून हाती येतो. बसायला मोजकीच टेबले असल्याने खाऊन झाल्यावर जागा सोडण्याचा शिष्टाचार गिऱ्हाइके आपणहून पाळतात. शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्यात, पर्यटकांच्या हंगामात, रांग दाराबाहेर जाते. दुकान सकाळी उघडते आणि दुपारी बंद होते, संध्याकाळी गेल्यास निराशा होते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी लवकर जाणे सोयीचे. तेव्हा बाजारातले शेतकरी आणि फुलवाल्या बाया नुकत्या ओटे मांडत असतात आणि मासळीवाल्यांची आरडाओरड सुरू व्हायची असते.

मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनसारख्या कंपन्यांमुळे सिएटलच्या आसपास अनेक मराठी कुटुंबे राहतात. भारतातून आलेल्या आई-वडिलांना पाइक प्लेस दाखवणे हा त्यांच्याकडे ठरलेला कार्यक्रम असतो. अशा पाहुण्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट: शाकाहारी असल्यास क्रंपेटवर काय घालायचे ते सांगताना हॅम आणि मासा नको हे स्पष्ट सांगावे, कारण काही प्रकारांत ते चीज-अंड्याबरोबरच येतात.

दुकानातून न भाजलेले क्रंपेट घरी नेण्यासाठीही मिळतात. ते हवाबंद पिशवीत ठेवून एक-दोन दिवसांत संपवावेत. अधिक दिवस ठेवायचे तर फ्रीझरमध्ये ठेवावेत, साध्या फ्रिजमध्ये स्टार्च लवकर कडक होतो. गोठलेला क्रंपेट वितळू न देता थेट टोस्टरमध्ये टाकता येतो. तो ब्रेडपेक्षा जाड आणि ओला असल्याने बहुधा दोनदा भाजावा लागतो.

छोटे दुकान टिकते ते कशाने

एक क्रंपेट व्हायला दहा मिनिटे, त्याआधी पीठ आंबायला तास-सव्वा तास. तव्यावर एका वेळी बसतील तेवढेच क्रंपेट होतात. मागणी वाढली म्हणून आच वाढवता येत नाही. अशा धंद्याला उत्पन्नाची मर्यादा असते. शहराच्या मध्यभागातली जागा मात्र सर्वाधिक भाडे देणाऱ्याकडे जाते. खुल्या बाजारभावाने ही जागा बड्या साखळीकडे गेली असती.

पाइक प्लेसमध्ये तसे झाले नाही, कारण १९७१ मध्ये नागरिकांनी ती जागा बाजारभावाच्या हवाली करायचे नाकारले. त्यांनी इमारतीबरोबर तिथे कोणी आणि कसा धंदा करायचा हेही ठरवले. संरक्षण मिळालेले प्रत्येक दुकान टिकतेच असे नाही. त्यासाठी कसब, चव आणि रोज पहाटे उठून पीठ भिजवण्याची तयारी लागते. पण नुसत्या कसबावरही टिकता येत नाही. जुन्या मंडया पाडून तिथे संकुले उभारण्याचे प्रस्ताव महाराष्ट्रातल्या शहरांतही येत असतात. तिथे दर्शनी भाग जपायचा की आतला व्यवहार, हा प्रश्न प्रत्येक वेळी उभा राहतो. सिएटलने आतला व्यवहार जपला. शेतकऱ्याचा ओटा, मासळीची दुकाने, वृद्धांचा दवाखाना आणि क्रंपेटचा तवा एकाच छपराखाली चालू राहिले ते या निर्णयामुळे.